शिकाऊ हाताची जबाबदारी

ज्याला एखादे काम अजून येत नाही, त्याला त्या कामाबद्दल कितपत जबाबदार धरावे, हा प्रश्न वरवर कार्यालयीन वाटतो; मुळात तो नीतीचा आहे. ज्ञान नाही तेथे दोष नाही, असे आपली न्यायबुद्धी सांगते. ‘नवीन आहे, शिकेल हळूहळू’ असे म्हणून आपण कितीतरी चुका पोटात घालतो. समुद्रावर हा न्याय कितपत टिकतो, ते पाहण्यासारखे आहे.

वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांना समुद्र अगदीच परका नाही. ओखामंडळ, कोडीनार, बिलीमोरा हा मुलूख गायकवाडी अमलात होता. ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. ओख्यासमोर, कच्छच्या आखातापलीकडे, मांडवी आहे. तेथील वहाणांवर नवा मुलगा चढला की त्याच्या वाट्याला प्रथम चूल येई, अशी पूर्वापार रीत. सर्वांचे जेवण रांधता रांधता तो दोर, वारा आणि भरती-ओहोटी पाहत असे. पुढे खलाशी होई, आणि एखादा नाखवाही. त्याची चूक पेलता येईल अशा जागी त्याला ठेवलेले असे. पण ते काम नाममात्र नव्हते. तो चुकला तर सारे वहाण उपाशी राही.

आपल्या नौदलाची ‘तरंगिणी’ हे याच परंपरेचे आधुनिक रूप होय. गोव्यात बांधलेले हे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज १९९७ साली नौदलात दाखल झाले आणि २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२ साली ‘सुदर्शिनी’ तिच्या जोडीला आली. उपग्रहांच्या युगात शिडे कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: भरलेले शीड एकट्याच्या हातांनी आवरत नाही, आणि दोर ढिला सुटला की त्याचे फळ त्याच क्षणी दिसते.

किनाऱ्यालगतच्या प्रवासात उथळ जागा, मासेमारांच्या होड्या आणि जाळी यांमुळे सावधपणा अधिक लागतो. अशा रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिकाऊ तरुणाला दूरवर एक दिवा दिसतो. तो होडीचा, जहाजाचा की किनाऱ्यावरचा, हे त्याला उमगत नाही. ते न उमगणे हा त्याचा दोष नव्हे. परंतु ‘दिवा दिसतो आहे, कसला ते मला कळत नाही’ एवढे तत्काळ सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. कारण खाली झोपलेल्यांनी आपले डोळे त्याच्यापाशी ठेवलेले असतात. हसे होईल या भीतीने तो गप्प राहिला, तर तेथे मात्र अज्ञानाची सबब चालत नाही. जबाबदारी ज्ञानापासून सुरू होत नाही. कोणी आपल्यावर विसंबले की ती सुरू होते.

डोलकाठीवर चढणाऱ्याला जुने दर्यावर्दी सांगत, एक हात स्वतःसाठी, एक जहाजासाठी. दोन्ही हातांनी काठीच धरून बसणारा निरुपयोगी. दोन्ही हात कामाला देणारा कोसळला, तर त्याच्यासाठी इतरांचे प्राण पणाला लागतात. स्वतःला सांभाळणे हाही तेथे स्वार्थ नसून कर्तव्याचाच भाग ठरतो.

मग आज्ञापालनाचे काय? गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीसाठी नम्रता, प्रश्न आणि सेवा ही तिन्ही साधने एकत्र सांगितली आहेत. वादळात प्रश्न थांबवावा लागतो; तो कायमचा गिळावा असे मात्र नाही. वारा पडल्यावर शिष्याने विचारावे आणि जाणत्याने न रागावता सांगावे. जेथे दुसरी गोष्ट घडत नाही, तेथे पहिलीही हळूहळू बंद पडते. सरकारी सेवेत मी हे वारंवार पाहिले. ‘समजले का?’ या प्रश्नाला नवा कारकून ‘हो साहेब’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हणणे त्याला महाग पडणार असते. त्या खोट्या होकाराचा अर्धा भार साहेबाच्या माथी असतो.

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत आज अनेक घरांतील मुले शिकाऊ उमेदवार म्हणून जातात. १९६१च्या कायद्याने त्यांच्या शिक्षणाची मुदत आणि विद्यावेतन यांची सोय केली. पण ‘मला कळत नाही’ हे म्हणण्याचे धैर्य कोणताही कायदा देऊ शकत नाही. ते वडीलधाऱ्यांच्या वागण्यातूनच यावे लागते. संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला ‘आज काय शिकलास?’ असे आपण विचारतोच. ‘आज काय समजले नाही, आणि ते कोणाला सांगितलेस?’ हेही विचारावे.