स्वखुशीने आलेला माणूस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर आमच्या बेळगावच्या मंडळींत एक विषय निघाला. आमच्यातल्या एका काकांच्या शेतात सध्या ऊसतोडीची टोळी उतरली आहे. काका म्हणाले, "त्या लोकांचे हाल बघवत नाहीत हो. पण काय करणार, स्वखुशीने आलेत. कोणी बांधून आणलंय का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र ते मान डोलावणं मनातून जाईना, म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, सवडीने वाचा.

इंदूर-बडोद्याच्या मंडळींनी हा प्रकार जवळून पाहिला नसेल, म्हणून आधी तो सांगतो. बीड आणि आजूबाजूच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी दसऱ्यानंतर लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही आमच्या कर्नाटकाच्या बाजूच्या कारखान्यांवर. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून म्हणतात 'एक कोयता'. माणसाला अवजाराचं नाव! मुकादम हंगामाच्या आधीच प्रत्येक कोयत्याला एकरकमी पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. माणूस फडात पोचेपर्यंत त्यातला बराचसा पैसा संपलेला असतो. पावसाळ्यात घर चालवायला गेला, दवाखान्यात गेला, मुलीच्या लग्नात गेला. पुढचे पाच-सहा महिने जोडीने राबायचं ते आधीच खाल्लेलं फेडायला. बाई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापते, मग दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते, आणि रात्री पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत पाठ टेकते. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड. हंगाम संपला तरी हिशोब फिटला नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली गाजला होता, आठवत असेल. सरकारी समितीने ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्याची कारणं एकच नाहीत, पण पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही हे बायकांनी स्वतःच सांगितलेलं होतं. ह्या बायकांनाही कोणी बांधून नेलं नव्हतं. ऑपरेशनच्या कागदावर त्यांनीच अंगठा दिला असणार.

आता काकांचा प्रश्न. आपल्या डोक्यात गुलाम म्हटला की साखळदंड येतो, चाबूक येतो. आपल्या कायद्यात तसं नाही. संविधानाच्या कलम २३ ने वेठ-बिगारीला बंदी आहे, आणि १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. तो मी ह्या आठवड्यात पहिल्यांदाच बसून वाचला. आगाऊ रक्कम घेतली आणि तिच्यापायी माणूस मजुरीशिवाय किंवा नाममात्र मजुरीवर राबतोय, किंवा दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक गमावून बसलाय, किंवा मनाला येईल तिथे जाऊ शकत नाही, ह्यातलं एकही असलं तरी ती वेठबिगारी. कुठेही दोरखंडाचा उल्लेख नाही. आणि असं कर्ज कायद्याने संपलेलं आहे, फेडायची जबाबदारीच उरत नाही.

पुढे १९८२ साली दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती भगवतींनी त्या निकालात जे मांडलं त्याचा भावार्थ असा, की सक्ती फक्त काठीने होत नाही, भुकेनेही होते. किमान मजुरीपेक्षा कमी पैशात कोणी राबत असेल तर तो खुशीने राबत नाही, गरिबीने रेटलेला आहे असंच धरलं पाहिजे. म्हणजे 'स्वखुशीने आलेत' ह्या वाक्याला चाळीस वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे, फक्त आपल्यापर्यंत पोचलं नाही.

हरिश्चंद्राची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ऋषींचं देणं फेडायला त्याने काशीच्या बाजारात तारामतीला विकलं, रोहिदास तिच्याबरोबर गेला, मग स्मशानात राबण्यासाठी त्याने स्वतःलाही विकलं. कोणी जबरदस्ती केली होती? नाही, तो आपल्या पायांनी गेला. तरी कीर्तनात हा भाग आला की आपण डोळे पुसतो. म्हणजे बाजारात आपणहून उभा राहिलेला माणूसही मोकळा नसतो हे आपल्याला आतून कळतं. राजाच्या बाबतीत कळतं. आणि राजाला तरी वचन मोडायची वाट होती, ती त्याने सोडली. बीडच्या बाईपुढे कुठली वाट असते?

इथे घाई करू नये असंही मला वाटतं, कारण दुसरी बाजू खोटी नाही. गरीब म्हणजे गुलाम असं समीकरण नाही. आमच्या खानापूरच्या बाजूला दोन एकर भातावर जगणारी कितीतरी घरं आहेत, हातात पैसा नाही, पण कोणाच्या दावणीला नाहीत. घरात तांदूळ असतो, भावकी असते, अडीअडचणीला सोसायटी असते. जिथे पाऊस नाही, जमीन नाही, बँक दारात उभं करत नाही आणि तेवढ्यात घरात एक मोठा खर्च येतो, तिथे गरिबीची दोरी होते. अशा वेळी उचल देणारा मुकादमच उपकारकर्ता दिसतो. आणि खरंच त्या पैशात कोणाची आई वाचलेली असते. उद्या उचल बंद करा म्हटलं तर पहिली ओरड ऊसतोडीवाल्यांचीच येईल. हा मुकादमही बहुतेक वेळा त्यांच्याच गावचा, कधी त्यांच्यासारखाच कोयता चालवून वर आलेला, आणि कारखान्याच्या पैशाला जामीन राहिलेला. खलनायक शोधायला गेलं तर नीट सापडत नाही.

पण उसनं देणं वेगळं आणि माणूस तारण ठेवणं वेगळं. बांगड्या गहाण ठेवल्या तर बांगड्या पेटीत पडून राहतात, त्यांना ताप येत नाही.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, ज्याचं त्याचं प्रारब्ध. मला हे उत्तर आता बोलवत नाही. महाराजांकडे आपण रडत जातो तेव्हा महाराजांनी कधी 'तुझं प्रारब्ध' म्हणून दार लावून घेतलंय का? स्वतःच्या दुःखाला कृपा मागायची आणि दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्धाचं लेबल लावायचं, ह्यात काहीतरी गफलत आहे. शिवाय प्रारब्ध त्याचं असेलही, पण साखर आपल्या चहात आहे.

आणखी एक. आपण स्वतःला गुरूंचे दास म्हणवतो, उत्सवात पहाटे उठून भांडी घासतो, पत्रावळी उचलतो, त्यात आनंद मानतो. मग दास्य वाईट कसं, असं एका ताईंनी विचारलं. चांगला प्रश्न आहे. मला एवढंच सुचलं की आपल्या सेवेत दार उघडं आहे. उद्या आलो नाही तर कोणी हिशोबाची वही उघडत नाही. ऊसतोडीच्या बाईला विचारा, "उद्या सकाळी घरी जाते म्हणालीस तर?" ती हसेल. मधेच फड सोडून गेलेल्यांना गावातून उचलून आणल्याच्या, डांबून ठेवल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत दरवर्षी येतातच. हैदराबादच्या आपल्या मंडळींनी शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर विचारून पाहावं. तिथे ओडिशाच्या बलांगीर भागातून कुटुंबं येतात, तीही अशीच आगाऊ रक्कम घेऊन. जगाचा आकडा सांगायचा तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती. एवढा मोठा आकडा माझ्या मनात शिरत नाही, खरं सांगतो. मनात शिरली ती आमच्या घरातली गोष्ट.

आमच्याकडे धुणं-भांडी करायला एक बाई येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला मी चाळीस हजार दिले, बिनव्याजी. दरमहा पगारातून अर्धे कापायचे ठरलं. मधे मुलीच्या फीला आणखी दिले, म्हणून बाकी राहिली. दिवाळीत त्या म्हणाल्या, "काका, दुसरीकडं स्वैपाकाचं काम मिळतंय, पैशे जास्त देतात, जाऊ काय?" मी अगदी गोड आवाजात म्हणालो, "जा की. पण आधी आपला हिशोब पुरा करा." त्या थांबल्या. मला वाटलं, मी किती न्यायाने वागलो! व्याज नाही, ओरडणं नाही. कायद्यातलं 'दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक' हे वाचताना मला मुकादम दिसला नाही, आमचं स्वैपाकघर दिसलं.

गेल्या सोमवारी त्यांना सांगितलं, तुम्ही तिकडे जा, पैशाचं नंतर बघू, जमेल तसं द्या, नाही जमलं तरी चालेल. त्यांना आधी पटेना, मी रागावून काढतोय असंच वाटलं. सौ.ने दोनदा समजावलं तेव्हा गेल्या. नवीन बाई अजून मिळालेली नाही, त्यामुळे सध्या भांडी माझ्याकडे आहेत आणि सौ. माझ्यावर थोडी नाराज आहे.

काकांना काल फोन केला. टोळीतल्या एका बाईला तीन दिवस ताप आहे, तरी मोळ्या वाहतेय. दवाखान्यात नेलं तर खाडा कोण भरणार, असं तिचा नवरा म्हणाला. खाड्याचे पैसे आम्ही भरायला तयार आहोत, पण मुकादम ते तिच्या नावावर जमा धरेल की नाही माहीत नाही. रविवारी सकाळी काका, मी आणि आपले एक डॉक्टर गुरुबंधू फडावर जातोय. बेळगावचे आणखी कोणी येणार असतील तर शनिवारपर्यंत कळवावे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥