डावा पट्टा

सॅक प्रबळमाचीहून उतरली ती सुतळीनं बांधलेली. डावा पट्टा वरच्या शिवणीतून उसवून लोंबत होता आणि नेरूळच्या त्या पोरानं ठाकूरवाडीपर्यंतची सगळी उतरण एका खांद्यावर काढली होती. घरी येताच त्यानं मोबाइलवर नवी हेरून ठेवली. ४० लिटर, वजन जेमतेम ९०० ग्रॅम, किंमत आठ हजारांच्या घरात.

आई म्हणाली, "आधी स्टेशनबाहेरच्या मामांना दाखव. मग घाल काय ते आठ हजार."

मामांचं दुकान म्हणजे एक मोठी छत्री, एक लाकडी पेटी आणि गिऱ्हाइकाला बसायला प्लास्टिकचं स्टूल. मामांनी पट्ट्याकडे बघितलंच नाही. सॅक उलटी करून आतलं कापड बाहेर काढलं, नखानं खरवडलं, बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. मासळी बाजारात आई पापलेटचे कल्ले उचलून बघते, अगदी तसं. पोराला हसू आलं.

"हसतोस काय? ती वरची काढ."

छत्रीच्या दांड्याला एक भारी सॅक टांगली होती. बाहेरून कोरी करकरीत. पोरानं आत हात घातला तर बोटं चिकटली, पांढरे पोपडे हाताला आले, आणि वास असा की त्यानं तोंड फिरवलं. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाला आतून लेप दिलेला असतो, तो दमट हवेत हळूहळू सुटतो. मालकानं ट्रेकहून आल्यावर ती ओलीच माळ्यावर फेकली असणार. आपल्याकडे चार महिने हवाच ओली, तिथं आणखी काय होणार?

"हिला औषध नाही," मामा म्हणाले. "पट्टे शिवून दिले तर माझे दीडशे सुटतात, पण पुढच्या पावसात त्याचे कपडे भिजणार आणि शिव्या मला. म्हटलं, घेऊन जा आणि नवी घे. तुझं तसं नाही. तुझं कापड धड आहे, गेली ती शिवण." चेनचा रनर सैल पडला होता, तो त्यांनी बोलता बोलता पकडीनं दाबून घट्ट केला. दात शाबूत होते.

मग त्यांनी विचारलं, "लोकलमध्ये चढताना ही कुठल्या हातानं उचलतोस?"

"डाव्या."

"पट्टा धरून?"

पोरगा गप्प. मामांनी दोन पट्ट्यांच्या मधला छोटा बंद बोटानं उचलून दाखवला. "हा कशाला दिलाय?"

"खुंटीला अडकवायला."

"उचलायला!" मामा म्हणाले. "दहा किलो ओझं तू रोज एका टोकाला लटकवतोस. नवी घेतलीस तरी डावाच तुटेल."

त्यांनी जाड आरी बाजूला ठेवली आणि बारीक सुई काढली. नायलॉनच्या पट्टीचा बोटभर तुकडा कापला, कडा लायटरवर धरून वितळवल्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. तुकडा आतून लावला. पट्ट्याचं टोक मात्र जुन्या भोकांवर ठेवलं नाही. अर्धा इंच खाली, न टोचलेल्या कापडावर ठेवलं. "एवढा फरक खालच्या बकलात जुळवून घे." दोऱ्याला मेण फासलं आणि दोन रांगा घातल्या, टाके जरा लांब लांब.

"अजून दोन रांगा मारा ना मामा, पक्कं होईल."

"पोस्टाचं तिकीट सरळ कशानं फाटतं? भोकांनी. जाड ताडपत्री असती तर मारल्या असत्या. हे कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं."

"मग उजवा तरी मजबूत करून द्या."

"त्याला तुझा हात कधी लागलाच नाही. कशाला टोचू?" मामांनी दोरा तोडला. "शिवणीतून पाणी येणार. आत मोठी प्लास्टिकची पिशवी घाल आणि सामान तिच्यात भर. १२० दे."

पुढच्या रविवारी पहाटेच्या पनवेल लोकलमध्ये पोराच्या शेजारी त्याचा मित्र होता. मित्राची सॅक नवी, तीच आठ हजारांची, अजून लेबलसुद्धा काढलं नव्हतं. खांदेश्वर गेलं तसे दोघं उठले. मित्रानं वर हात घातला आणि डावा पट्टा धरून खेचायला लागला.

पोरानं त्याचं मनगट धरलं. मधला बंद पकडून सॅक स्वतः खाली उतरवली आणि त्याच्या हातात दिली.

"काय झालं रे?"

"काही नाही. जड आहे."