माळकऱ्याने भाव करावा का?

गळ्यात तुळशीची माळ आणि कराडात किराणा दुकान, त्यामुळे भाव करणं मला परकं नाही. तरी नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मेहुण्याने पढवलं, "दाजी, सांगायचं, कोल्हापूरवाला पंचवीस हजार कमी करतोय." कोल्हापूरला आम्ही गेलोच नव्हतो. मी नाही म्हटलं, तर म्हणाला, "मग बसा फसत."

खरं बोलणारा फसणारच, हे आपण इतकं धरून का चालतो? कीर्तनात महिपतीबुवांनी सांगितलेली तुकोबांची गोष्ट हमखास येते. तुकोबा मिरच्या विकायला कोकणात गेले आणि भोळा वाणी बघून लोकांनी माल लुबाडला. ऐकणारा घरी जाताना समजून जातो, की सज्जनाला हिशेब कळत नसतो. मला हे पटत नाही. लोकांकडच्या येण्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवण्याआधी तुकोबांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा वेगळा काढून दिला, अशी परंपरा आहे. सोडलं ते फक्त स्वतःचं. हिशेब न कळणाऱ्याला हे जमलं असतं?

म्हणून मी शोरूमचं कोटेशन ओळ न् ओळ वाचलं. एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत, पेट्रोल गाडी, म्हणजे आपल्या राज्यात रोड टॅक्स ११ टक्के. तो सरकारचा, त्यात बोलण्यासारखं काही नाही. खाली 'हँडलिंग चार्जेस' होते. या नावाचा कुठलाही सरकारी कर नाही. विमाही शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, तो बाहेर बराच स्वस्त मिळत होता. हा पैसा माझ्या एकट्याचा नव्हता, घराचा होता. मोठं मन दाखवून तो सोडून देण्याचा अधिकार मला कुठला?

हे दोन्ही काढायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं. किती रुपयांपर्यंत जायची तयारी आहे, हे मात्र सांगितलं नाही. दुकानात मीही माझी खरेदी गिऱ्हाइकाला सांगत नाही. विचारल्यावर खोटा आकडा सांगणं वेगळं, ते माळेला चालत नाही.

अडलो ते पुढे. महिनाअखेर होती. समोरचा सेल्समन पोरगा टार्गेटच्या काळजीत होता, हे त्याच्या बोलण्यातून कळत होतं. अजून ताणलं असतं तर सीट कव्हर, मॅट फुकट मिळाले असते, पण ते कुणाच्या खिशातून? कंपनीच्या सवलतीतून की त्याच्या इन्सेंटिव्हमधून? मी सरळ विचारलं. तो मॅनेजरच्या केबिनकडे बघत हळूच म्हणाला, "काका, मॅट कंपनीकडून देतो. कव्हरचं माझ्यावर येईल."

कव्हरचे पैसे मी दिले. मेहुण्याला अजून ते पटलेलं नाही, आणि हँडलिंगचे पैसे सुटले म्हणून तो मला हुशारही म्हणतो. माझ्या लेखी या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबातल्या आहेत.