कारखान्याची मोहर आणि मालकाचे मौन

जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या परिसरात जुन्या मोटारगाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी परीक्षक केवळ गाडीच्या झळाळीवर भाळत नाहीत. कारखान्यातून बाहेर पडताना हिच्या अंगावर जे होते तेच आज आहे काय, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. हा प्रश्न हौशी धनिकांचा, असे आम्हीही आरंभी समजत होतो. परंतु थोडे खोल गेल्यावर ध्यानी आले की हा सत्यासत्याचा प्रश्न आहे, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देणाऱ्या तुम्हांआम्हांस तो मुळीच परका नाही.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत गाडी घेणारा गृहस्थ विक्रेत्यापुढे बसून यादीवर खुणा करीत असे. रेडिओ हवा की नको, इंजिन कोणते, बैठकी कशा. कारखान्यातच बसवून मिळणाऱ्या प्रत्येक जादा साहित्याला एक संकेत असे. शेवरोले कंपनीने १९६७ च्या कॅमारो गाडीसाठी झेड-२८ या संकेताखाली शर्यतीच्या नियमांत बसणारे ३०२ घनइंची इंजिन व त्याला साजेसे साहित्य देऊ केले. त्या वर्षी अशा अवघ्या ६०२ गाड्या झाल्या. गंमत अशी की त्यांच्या अंगावर ‘झेड-२८’ ही अक्षरे नव्हती, आणि गाडीच्या मुख्य क्रमांकावरूनही ती झेड-२८ की साधी, हे कळत नाही.

आता समजा, कोणी एक साधी कॅमारो घेतली, त्याच वर्षीचे, त्याच कंपनीचे सुटे भाग वर्षानुवर्षे शोधून आणले आणि ते निगुतीने बसवले. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर पारखी नजरही फसावी. किमतीत मात्र फार मोठे अंतर. आमचे एक तर्कप्रिय स्नेही म्हणतात, “जो फरक डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही, तो फरकच नव्हे.”

आम्हांस हे पटत नाही. घरात एक तांब्याचे ताम्हन आहे, आजीने त्यात साठ वर्षे देवांना स्नान घातले. कोणी ते नेऊन त्याच घडणीचे, त्याच वजनाचे दुसरे ठेवले आणि आपल्याला कधीही कळले नाही, तरी आपला अपहार झालाच. वस्तूचा इतिहास तिच्या धातूत दिसत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही.

पण म्हणून भाग बसवणारा लबाड ठरतो काय? नाही. लोखंड खोटे बोलत नाही, बोलतो तो माणूस. “मी हौसेने तशी करून घेतली” असे म्हणणारा निर्दोष आहे. मात्र काही जण याच्याही पुढे जातात. त्या काळातील पुष्कळ इंजिनांवर गाडीच्या क्रमांकाचा अंश ठोकलेला असे. तो पृष्ठभाग घासून तेथे नवे आकडे ठोकतात. तेथे असत्य लोखंडातच कोरले जाते, आणि बोलणारा निघून गेल्यावरही ते बोलत राहते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीचा खटला चालला. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मांची शर्यत जिंकलेली ही गाडी. एक कोटी पौंडांचा सौदा ठरला होता. घेणाराने तक्रार केली की ही ती गाडीच नव्हे. आणि खरोखरच इंजिन, टप वगैरे बहुतेक सारे पुढे बदलले गेले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही निर्णय विकणाराच्या बाजूने दिला. गाडी कधी मोडीत निघाली नाही, दुसऱ्या गाडीत विलीन झाली नाही, तिचा इतिहास अखंड चालत आला, म्हणून ती तीच. यात आम्हांस भारतीय मनाला ओळखीचे काही दिसते. पुरीच्या जगन्नाथाचा रथ दरवर्षी नव्या लाकडाचा होतो, तरी नंदिघोष तो नंदिघोषच. पण तेथे कोणी जुने लाकूड म्हणून सांगत नाही. आपल्या देवळांतही पायरीवर, खांबावर देणाऱ्याचे नाव आणि शक कोरलेला असतो. जीर्णोद्धार हा शब्दच दुरुस्तीची कबुली देतो.

अमेरिकेतील कॉर्व्हेटचे जीर्णोद्धारक तर कारखान्यातील तपासनिसाने खडूने केलेल्या फुल्यासुद्धा पुन्हा काढतात. रंगाचे मूळचे ओघळही काळजीपूर्वक उमटवतात. निष्ठेची ही पराकाष्ठा पाहून कौतुक वाटते, आणि मन थोडे बिचकतेही. ती फुली म्हणजे “मी हे तपासले” अशी एका कामगाराची साक्ष होती. न तपासणाऱ्याने काढलेली फुली कशाची साक्ष?

खरी अडचण मात्र खोटे बोलणाऱ्यांची नव्हे, गप्प बसणाऱ्यांची आहे. पहिला मालक प्रांजळपणे भाग बसवतो. दुसऱ्याला ते ठाऊक असते, पण विकताना कोणी विचारत नाही म्हणून तो सांगत नाही. तिसरा अभिमानाने “मूळचीच” म्हणून सांगतो, आणि तो बिचारा खरेच बोलतो आहे अशी त्याची समजूत असते. असत्य जन्मले, पण त्याचा बाप सापडत नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली. परंतु मधल्या हातांतील मौनाची नोंद कोणता नियम ठेवणार?

बेळगावकडील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे वडिलांच्या वेळची फियाट आहे. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी त्याच काळातला रेडिओ मिळवून तीत बसवला. गाडीत एक वही असते; तीत पहिल्याच पानावर लिहिले आहे, ‘रेडिओ मूळचा नव्हे.’ मध्यंतरी एक गिऱ्हाईक आले, वही वाचून त्याने किंमत उतरवली. मुलगा म्हणाला, “बाबा, ते एक पान नसते तर?” गृहस्थांनी उत्तर दिले नाही. गाडी अजून त्यांच्याच पडवीत उभी आहे, आणि वही गाडीत.