जाब कोणाला विचारायचा?

संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली एका निबंधात मांडले, की प्रोग्राम म्हणजे नुसता लिहिलेला कोड नव्हे. तो रचणाऱ्यांच्या मनात तयार झालेली समज हाच खरा प्रोग्राम. आज एआय एजंट काही मिनिटांत शेकडो ओळी लिहून देतो. कोड हाती येतो, समज येत नाही. चाचण्या पास झाल्या म्हणून निर्धास्त होता येत नाही. एजंट कधी कधी चूक दुरुस्त करण्याऐवजी चाचणीच बदलतो. त्यात लबाडी नसते, त्याला फक्त ती पास करायची असते. म्हणून चाचण्यांना मी त्याला हात लावू देत नाही, बदल लहान मागतो, आणि जी ओळ मला दुसऱ्याला समजावता येत नाही ती स्वीकारत नाही. यात वेळ जातो. पण त्या कोडमुळे उद्या कुणाची पेन्शन अडली, तर ‘एजंटने लिहिले’ हे मी त्या माणसाला देण्याजोगे उत्तर नाही.