विसाव्याचे देणे

गोल्फची काठी मी कधी हाती धरलेली नाही. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’ची एक रीत मनात घर करून बसली आहे. मोठ्या स्पर्धा सोडल्यास रविवारी तिथे खेळ बंद! तिथली हिरवळ १९व्या शतकात टॉम मॉरिसने वाळू पसरून जोपासली. फेस्क्यू गवत थोड्या पाण्याखतावर तगते; सतत तुडवले, तर मात्र तेही खंगते.

मी परीक्षेच्या हंगामात रविवारीही जादा तास घेतो. परवा एक मुलगा बाकावरच निजला. उठवायला गेलेला माझा हात थबकला. पोळ्याला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. ते त्याचे औदार्य नव्हे, फेडलेले देणे असते.

मग या मुलाचे किती रविवार मी थकवले आहेत?