गीता १७.२० ते २२ : पोस्टरवरून काढलेला फोटो



सतराव्या अध्यायात आज आपण दानापाशी आलोय. आहार झाला, यज्ञ झाला, काल तप संपलं. विसावा, एकविसावा आणि बाविसावा हे तीन श्लोक एकत्रच घेऊया, कारण एकेकटे वाचले तर ते नीट उलगडत नाहीत. संस्कृत जड जात असेल तर आधी अर्थ वाचा, मग मोठ्याने म्हणा. उलटं केलं की झोप येते, असा अनुभव आहे.

भगवंत सांगतात ते साधारण असं. द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, जो परतफेड करू शकणार नाही अशाला दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक. बदल्यात काहीतरी मिळावं म्हणून, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्री, किंवा घेणाऱ्याचा मान न राखता तुच्छतेने दिलेलं ते तामस.

आपली गाडी नेहमी 'पात्र' या शब्दाशी अडते. शंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखी पुण्यभूमी, काळ म्हणजे संक्रांतीसारखं पर्व आणि पात्र म्हणजे वेदवेदांगांत पारंगत असलेला माणूस, असा अर्थ दिलाय. आपण तो अर्थ सोडून दिला, पण चाळणी मात्र ठेवली. सिग्नलला हात पुढे आला की मनात लगेच चौकशी समिती बसते : खरंच गरजू आहे का? पैसे कुठे जातील? घेणारा पात्र आहे की नाही हे आपण फार बारकाईने बघतो. देताना आपली नजर कशी असते, ते बाविसाव्या श्लोकात आहे आणि ते आपण भरभर वाचून पुढे जातो. तिथे 'अवज्ञा' हा शब्द आलाय. आज त्याच्यावरच थांबायचंय.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या मुलांनी जुनं फर्निचर रंगवून विकायचं ठरवलं. तिसरीपासून नववीपर्यंतची मुलं. पैसे एका रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाच्या मदतनिधीला द्यायचे होते. गच्चीच्या जिन्याखाली सगळ्यांनी टाकलेलं सामान पडलं होतं : स्टूल, पाय हलणारी तिपाई, कुणाच्या तरी मुंजीतला चौरंग, लाकडी खुर्च्या, चार-पाच पाट. मोजून १४ वस्तू निघाल्या. मी संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यांच्यात जाऊन बसायचे.

मुलांना वाटलं होतं, रंग आणायचा आणि वारली काढायची, झालं. पण गल्लीतले सुतारकाका आले आणि म्हणाले, ब्रश ठेवा बाजूला, आधी घासा. पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा फिरवला तर ओरखडे पडतात आणि ते रंगातूनही दिसतात. खिळ्यांच्या भोकांत लांबी भरायची, ती वाळली की परत घासायचं. सनमायका गुळगुळीत असतो, रंग धरत नाही, म्हणून तो आधी खरवडून घ्यायचा. मग प्राइमर. पावसाळ्यात ऑइल पेंट वाळायला दुप्पट वेळ लागतो हे सगळ्यांना बोटं चिकटल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं गायब! राहिली ती मात्र शेवटपर्यंत राहिली. कालच्या पोस्टवर कुणीतरी विचारलं होतं की आजच्या काळात तप म्हणजे नक्की काय करायचं. लांबी वाळेपर्यंत थांबणं, हे माझ्या मते चालेल.

काकांनी एक स्टूल उलटा केला आणि विचारलं, खालून कोण रंगवणार? मुलं म्हणाली, खालचं कोणाला दिसतंय? काका म्हणाले, तुम्हाला नाही दिसत, पण हवेतला ओलावा तिथूनच आत शिरतो. एकच बाजू रंगवली तर फळी वाकते. मग खालच्या बाजूही रंगल्या. एका मुलीच्या सावंतवाडीच्या आजीने चितार आळीतला आपला लग्नातला पाट आणून दाखवला. लाखेच्या रंगातली त्याच्या कडेची नक्षी बघून दोन पाटांवरची वारली पुसली गेली आणि वेलबुट्टी आली. ती फार सुबक नव्हती, पण जीव लावून काढलेली होती.

आणि मग आलं पोस्टर.

आठवीतल्या एका मुलाने ते मोबाइलवर बनवलं. इंटरनेटवरून घेतलेला एका लहान मुलाचा फोटो, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, हाताला सलाईन. खाली, तुमच्या एका खरेदीने याचा जीव वाचेल, अशा अर्थाची ओळ. लिफ्टजवळ लावलं. तासाभरात सहावीतल्या एका मुलीने ते काढून टाकलं. जोरदार भांडण झालं आणि ते माझ्या दारात आलं. "ताई, तू सांग ना याला!"

तिच्या आईची दोन वर्षांपूर्वी केमोथेरपी झाली होती. आई आता बरी आहे. ती मुलगी एवढंच म्हणाली, "माझ्या आईचा तसा फोटो कोणी लिफ्टजवळ लावला असता तर?"

मुलाचं म्हणणंही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "फोटो नसेल तर लोक थांबणार नाहीत. पैसे कमी आले तर नुकसान त्याच मुलांचं आहे. तुला वाईट वाटतंय म्हणून त्यांचं औषध कमी करायचं का?" खरंय ना. निधी उभा करणाऱ्या कित्येकांना हा प्रश्न रोज पडत असणार. दयेमुळे खिसा उघडतो, हे कोण नाकारेल?

मी तेव्हा त्यांना हेच तीन श्लोक वाचून दाखवले. उत्तर म्हणून नाही, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून. 'अवज्ञा'शी आल्यावर तोच मुलगा म्हणाला, "पण मी कुठे त्याचा अपमान केला? मला तर त्याची दया आली." मला वाटतं, हा श्लोक इथे आपल्या सगळ्यांना पकडतो. आपल्याला वाटतं अवज्ञा म्हणजे हाडतुड करणं, नाणं फेकणं. पण एखाद्याचं नाव, आवड, खोड्या, शाळा, सगळं बाजूला सारून त्याला फक्त 'बिचारा' करून भिंतीवर लावणं, तेही न विचारता, हे मान राखणं आहे का? मूळ शब्दात जाणण्याचा धातू आहे. समोरच्याला माणूस म्हणून न जाणणं, त्याची दखल न घेणं, हीसुद्धा अवज्ञाच. ती मऊ आवाजातही करता येते. डोळ्यांत पाणी आणूनही करता येते. हा अर्थ टीकाकारांनी दिलेला नाही, माझा आहे, पटला नाही तर कमेंटमध्ये भांडा.

तेव्हा तिसरीतला एक जण मध्येच म्हणाला, "म्हणजे आपण स्टूल विकतोय की त्यांचं आजारपण?" कोणी काही बोललं नाही. नवीन पोस्टरवर एका खुर्चीचं चित्र आलं. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लागली : लाकूड कुठलं, काय दुरुस्त केलं, रंगाचे हात किती, किंमत. पैसे कुठे जाणार ते एका ओळीत, साध्या अक्षरात.

ती एक ओळ मुलांना नीट समजावी म्हणून आम्ही एक संध्याकाळ घालवली, कारण देश आणि काळ तिथेच आहेत. लहान मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्यातल्या नेहमीच्या प्रकारावरचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेलं कुटुंब एवढा काळ मुंबईत कुठे राहणार? बापाची रोजची मजुरी बुडते, दुसरं मूल गावाला आजीकडे असतं. औषध असूनही खोली नाही, भाडं नाही म्हणून काही घरं उपचार अर्धवट सोडून परत जातात, आणि बरा होऊ शकणारा आजार हाताबाहेर जातो. परळच्या टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवरून गेला असाल तर हे तुम्ही पाहिलंही असेल. म्हणून दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा मला कुठल्याही तीर्थाइतकी मोठी वाटते. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडणारा आणि रात्री कीर्तनात देव माणसात दाखवणारा हा संत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या. दादरच्या त्या वास्तूत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. शंकराचार्यांनी सांगितलेला देश कुरुक्षेत्र. गाडगेबाबांच्या वाटेने गेलं तर देश म्हणजे जिथे रात्री टेकायला जागा नाही ती जागा, आणि काळ म्हणजे पुढचा डोस चुकायच्या आतला.

विक्री गणपतीच्या आधीच्या रविवारी ठेवली. चौरंग आणि पाट पहिल्या अर्ध्या तासात गेले, त्या दिवसांत कोणाला नको असतात? मग एक गृहस्थ आले, "कॅन्सरच्या मुलांसाठी ना? द्या काहीही," म्हणाले, स्टूलचे पैसे दिले आणि तो लॉबीतच ठेवून गेले. चार दिवस तो तिथेच होता. ज्या दोघांनी तो घासला होता ती दोघं येता-जाता त्याच्याकडे बघायची. दुसरीकडे, दोन-तीन घरी कामाला येणाऱ्या मावशींनी एक स्टूल उलटा केला, हलवून पाहिला, खालचा रंग नखाने तपासला आणि ३५० चे ३०० करून घेतले. मुलं त्या दिवशी सर्वांत खूश झाली ती या घासाघिशीवर. मावशींनी दान केलं असं मी म्हणणार नाही, त्यांना स्टूल हवा होता. त्या गृहस्थांचं दान तामस होतं असंही मी म्हणणार नाही. त्यांचे पैसे पूर्ण पोचले, आणि कोणाच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. पण मुलांच्या कामाकडे नीट बघितलं ते मावशींनी, हे खरं.

तीन वस्तू उरल्या. फोटो असता तर त्याही गेल्या असत्या, असं आठवीतला तो मुलगा अजून म्हणतो, आणि कदाचित त्याचं बरोबर असेल. मला ते सोयीचं करून घ्यायचं नाहीये. मान राखायची किंमत असते आणि इथे ती आम्ही नाही मोजली, त्या तीन वस्तूंइतकी ती निधीनेच मोजली. म्हणून मुलांनी दिवाळीपर्यंत त्या तिन्ही विकून दाखवल्या. एक खुर्ची तर परत घासून, नव्याने रंगवून.

काही पालकांची इच्छा होती की मुलांना रुग्णालयात न्यावं, स्वतःच्या हाताने चेक द्यायला लावावा, चार फोटो काढावेत. शाळेच्या प्रोजेक्टलाही चाललं असतं. तिथल्या समाजसेविका बाईंनी फोनवर नम्रपणे नाही सांगितलं. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, मग बाहेरून आलेला साधा सर्दी-खोकलाही त्या मुलांना धोक्याचा ठरू शकतो. एक पालक जरा नाराज झाले. मला मात्र विसाव्या श्लोकातला 'अनुपकारी' तेव्हा प्रत्यक्ष दिसला. उलट काही करू न शकणारा, इतका की आपल्याला 'थँक यू'सुद्धा म्हणू न शकणारा. आभार हीसुद्धा परतफेडच आहे, आणि आपण ती किती हक्काने मागतो! फूड पॅकेट देतानाचा व्हिडिओ आठवा. एकविसाव्या श्लोकातलं राजस दान नेहमी मोठ्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांवरच असतं असं नाही.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा दानाला ऋण फेडणं म्हणतात. आपण जन्मतो तेव्हा समाजाने आपल्यासाठी आधीच कितीतरी केलेलं असतं, दान म्हणजे ती झीज भरून काढणं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी यादीच सुरू केली. सुतारकाकांनी पैसे घेतले नाहीत. आजीने पाट दाखवला. पॉलिश पेपर कुणाच्या तरी घरातून आला. चौरंगाचं सागवान कुणी लावलं होतं कुणास ठाऊक. आणि जिच्या आईच्या आजारपणामुळे फोटो निघाला, ती मुलगी. यादी लांबत गेली, रात्रीचे साडेनऊ वाजले, आणि खालून हाका आल्यावर मुलं पळाली.

पावती सोसायटीच्या फळ्यावर लावली. तिच्यावर कुणा एकाचं नाव नाही.

आजचा अभ्यास : तिन्ही श्लोक तीनदा म्हणा. मग गेल्या महिन्यात जे काही दिलं असेल, पैसे, जुने कपडे, वेळ, त्यातली एकच गोष्ट आठवा आणि घेणाऱ्याबद्दल त्याच्या गरजेपलीकडे आपल्याला काय माहीत आहे ते वहीत लिहा. ओळ रिकामी राहिली तर राहू द्या. यंदाचं घासकाम पुढच्या शनिवारी सुरू होतंय. ठाण्यात असाल आणि घरी हलणारं स्टूल असेल तर मला मेसेज करा, पण पाय मोडका असेल तर आधी सांगा, काकांना खिळ्यांऐवजी कुसू बसवायचं असतं, त्याला वेळ लागतो.

उद्या तेविसावा श्लोक, ॐ तत्सत्.

राम कृष्ण हरी.